मुनीमजींचे पान

आमच्या घरात सध्या दोन तराजू आहेत. एक स्वयंपाकघरात, डाळ-तांदूळ मोजण्यासाठी. त्याला दुसऱ्या कशाचाही स्पर्श होत नाही. दुसरा मागच्या पडवीत, एका झाकणाच्या डब्याशेजारी. तो लहान आहे, पण एका ग्रॅमचाही फरक दाखवतो. या दुसऱ्या तराजूची हकीकत आज सांगावयाची आहे. ती एका मांजराच्या जेवणाची हकीकत आहे आणि काही वाचकांना ती रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आपल्या समाजातील अनेक घरांत आता मुले आणि नातवंडे मांजरे आणू लागली आहेत. जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो त्यांच्यापुढेही केव्हातरी उभा राहणारच. म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांचे इतवारीत धान्याचे दुकान होते. धान्य म्हटले की उंदीर आलेच. शेजारच्या दुकानांतून मांजरे पोत्यांवर पहुडलेली असत. वडिलांनी मात्र मांजर कधी ठेवले नाही. रात्री पिंजरा लावायचा, सकाळी सापडलेला उंदीर नाग नदीच्या काठी सोडून यायचा, हा त्यांचा नेम होता. सोडलेला उंदीर आपल्या आधी दुकानात परत येतो, अशी थट्टा शेजारी करीत. वडील म्हणत, "मांजर ठेवले तर उंदीर मारणारा पंजा त्याचा असेल, पण तो पंजा कामाला लावणारा मी असेन." आपल्या श्रावकाचाराचाही हाच निर्वाळा आहे. स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षाग्रंथात मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणे अनर्थदंडात गणलेले आहे. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या दारी उतारवयात मांजर यावे, हा योगायोगच म्हणावयाचा.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांना घाबरून एक बोक्याचे पिल्लू आमच्या पडवीत शिरले. मागच्या पायाला जखम होती. नातीने त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि दोन दिवसांनी सोडून द्यायचे, असे ठरले. ते दोन दिवस अद्याप संपलेले नाहीत. मी हिशेबाची वही उघडली की हा तिच्यावर येऊन बसे, म्हणून सौ. ने त्याचे नाव 'मुनीमजी' ठेवले.

पहिल्या काही आठवड्यांत मुनीमजींना आम्ही दूध-पोळी आणि दहीभात दिला. त्याचे पोट सतत बिघडे. बहुतेक मांजरांना मोठेपणी दूध पचत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. मग कोणीतरी सांगितले की बाजारात मांजरासाठी कोरडे खाद्य मिळते. मी पिशवी आणली. लहान लहान, तपकिरी, कडक दाणे. दिसायला एखाद्या बिस्किटासारखे. वास थोडा उग्र, पण हाताला काही लागत नाही, काही सांडत नाही. आम्हाला सुटल्यासारखे झाले. वाटी सकाळी भरून ठेवायची, संध्याकाळी पुन्हा भरायची. किती द्यायचे, हे कोणी मोजले नाही. भुकेल्याला अन्न देताना हात आखडता घेऊ नये, ही आपली शिकवण; तिचाच आम्ही आधार घेतला. मुनीमजी पाच किलोंचे झाले आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटू लागले.

दुसऱ्या वर्षीच्या नवतप्यात, कूलरसमोर बसूनही जीव कासावीस होत असताना, मुनीमजी आपल्या मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसू लागले. बसायचे, जोर करायचे, ओरडायचे आणि काही न होता बाहेर यायचे. प्रथम वाटले, बद्धकोष्ठ असेल. रात्री मात्र त्याने खाणे सोडले आणि पोटाला हात लावू देईना, तेव्हा आम्ही त्याला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे नेले. त्या डॉक्टरबाई आपल्याच शहरातल्या, सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. त्यांनी पोट चाचपले आणि म्हणाल्या, "काका, लघवी पूर्ण अडली आहे. उद्यापर्यंत थांबला असतात तर हाती लागला नसता." बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. लघवीत खडे किंवा चिकट गाळ धरला की तो बंद होतो आणि एक-दोन दिवसांत जीवावर बेतते. नळी घालून मार्ग मोकळा करावा लागला. तीन दिवस मुनीमजी दवाखान्यात होते.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. या आजाराची कारणे अनेक असतात. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण वाढलेले वजन, घरात बसून राहणे आणि कमी पाणी पिणे ही त्यांतली प्रमुख. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले. शिकारीच्या शरीरातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळे, म्हणून तहान लागून पाण्याकडे जाण्याची सवय मांजराच्या जातीला कमीच. कोरड्या खाद्यात पाणी शंभरात आठ-दहा भाग. पाकिटातल्या ओल्या खाद्यात पंचाहत्तर ते ऐंशी. नागपूरच्या उन्हाळ्यात निव्वळ कोरडे खाणारा, लठ्ठ, घरकोंबडा बोका म्हणजे या आजाराला आमंत्रणच. "आता ओले खाद्य सुरू करा. कोरडे बंद केले नाही तरी चालेल, पण मोजून द्या," असे त्या म्हणाल्या.

ओले खाद्य! औषधांच्या पिशवीतच त्यांनी नमुन्याचे एक पाकीट दिले होते. घरी येऊन मी ते पडवीत उघडले आणि सौ. तोंडाला पदर लावून आत निघून गेली. रस्सा होता आणि त्यात तुकडे होते. ते कशाचे होते, हे सांगण्याची गरज नव्हती.

त्या रात्री मी एक काम केले, जे वर्षभरापूर्वीच करावयास हवे होते. बँकेत पस्तीस वर्षे मी लोकांची कर्जाची कागदपत्रे वाचली. बारीक अक्षरांत काय दडलेले असते, हे इतरांना शिकवले. पण स्वतःच्या घरात येणाऱ्या त्या कोरड्या खाद्याच्या पिशवीची मागची बाजू भिंग लावून कधी वाचली नव्हती. ती वाचली. धान्य होते, तेल होते, जीवनसत्त्वे होती. आणि कोंबडी होती, मासळी होती. सुकवलेली, दळलेली, दाण्यांत मिसळलेली. म्हणजे ज्या वर्षभरात आम्ही स्वतःला निर्दोष समजत होतो, त्या वर्षभर ही जमा-खर्चाची नोंद आमच्या नावावर पडतच होती. कोरडे आणि ओले यांतला जो फरक आम्हाला एवढा मोठा वाटला, तो आमच्या डोळ्यांपुरता आणि नाकापुरता होता. ज्या जीवाचा प्राण गेला, त्याला सुकवले काय आणि रश्शात ठेवले काय, सारखेच.

मी सौ. ला ती यादी वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मग दोन्ही बंद करू. आपण जे खातो ते खाईल."

हाच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. म्हणाल्या, कुत्र्याचे शरीर पुष्कळसे जुळवून घेते. मांजराचे घेत नाही. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसते. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले; हृदय दुबळे होऊन पसरते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. गाजरातल्या घटकापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते, मांजराला तेही साधत नाही. "आता टॉरीन कारखान्यात तयार होते," त्या म्हणाल्या, "आणि ते घालून केलेले शाकाहारी खाद्य परदेशात मिळते. पण वनस्पतिजन्य आहाराने मांजराची लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते आणि त्यातून एका जातीचे खडे धरतात. तुमच्या बोक्याला एकदा नळी घालावी लागली आहे. त्याच्यावर मी हा प्रयोग करू देणार नाही." निघताना त्यांनी बजावले, की घरातली भाजी-आमटी देऊ नका, कांदा आणि लसूण मांजराला विषासमान आहेत. सौ. म्हणाली, "एवढे एक तरी आपले आणि त्याचे जमले."

मंदिरात स्वाध्यायानंतर मी ही अडचण एका ज्येष्ठ श्रावकांपुढे मांडली. त्यांनी महावीरस्वामींच्या पूर्वभवातल्या सिंहाची आठवण दिली. चारण मुनींच्या उपदेशाने त्या सिंहाने मांस सोडले आणि प्राणही सोडला. "सिंहाने सोडले, तर मांजराने का सोडू नये?" असा त्यांचा प्रश्न होता. मी घरी परतेपर्यंत त्यावर विचार करीत होतो. सिंहाला बोध झाला आणि त्याने स्वतः त्याग केला, म्हणून ते व्रत. त्याला कोणी खोलीत कोंडून दहीभात पुढे ठेवला नव्हता. व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या नावाने घेतलेले व्रत म्हणजे त्याची केवळ उपासमार. मी कोणाच्या कर्जाला त्याच्या सहीवाचून त्याला जामीन करू शकत नव्हतो. मग मुनीमजींच्या सहीवाचून त्याच्या नावाने त्याग कसा लिहू?

निर्णय शेवटी सौ. ने केला. ती नित्य प्रतिक्रमण करते. एके संध्याकाळी आसनावरून उठून ती म्हणाली, "अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मी रोज म्हणते. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि पाचवा अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्याचे अन्नपाणी रोखणे. त्याला आपण दारे लावून घरात ठेवले आहे. आता त्याचे अन्न तोडले तर पाचवा अतिचार लागतो आणि घातले तर हिंसेचे अनुमोदन लागते. दोन्हीकडे दोष आहे. पण पहिल्या दोषात डोळ्यांसमोरचा जीव तडफडून मरतो."

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले हे अतिचार मीही कितीदा वाचले आहेत. पण त्या दिवसापर्यंत अन्नपाननिरोध म्हटला की गाडीचा बैल आणि दुकानातला नोकरच डोळ्यांपुढे येई.

दिल्लीला चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथे धान्य खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत. मला ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली वाटते. त्यांनी जखमी घारीला दारातून परत पाठवले नाही आणि तिला आत पोसण्याची जबाबदारीही घेतली नाही. आम्हीही दिवाळीच्या त्या आठवड्यात असेच करावयास हवे होते, पायाची जखम भरेपर्यंत. तो क्षण निघून गेला होता. आता दाखल झालेल्या रुग्णाचे काय करावयाचे, एवढाच प्रश्न उरला होता.

प्रमाण ठरवणे हे माझे काम. डॉक्टरबाईंनी सांगितले की मुनीमजींचे योग्य वजन चार किलो आणि शस्त्रक्रिया झालेल्या, घरात राहणाऱ्या चार किलोंच्या बोक्याला दिवसाला सुमारे २०० कॅलरी पुरतात. आमच्या पिशवीतल्या कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅमला ३७५ कॅलरी होत्या. ८० ग्रॅमच्या ओल्या पाकिटाला सुमारे ७०. मी तक्ता मांडला.

निव्वळ कोरडे दिले तर ५३ ग्रॅम पुरतात. त्यातून पोटात जाणारे पाणी जेमतेम ५ मिलिलिटर. चार किलोंच्या मांजराला अन्न आणि पाणी मिळून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे उरलेले सगळे त्याने वाटीतून प्यावयास हवे, आणि नेमके तेच तो करीत नव्हता. दोन पाकिटे दिली तर १४० कॅलरी होतात आणि १२५ मिलिलिटरच्या आसपास पाणी अन्नातूनच जाते. उरलेल्या ६० कॅलरींसाठी १६ ग्रॅम कोरडे. निव्वळ पाकिटांवर ठेवायचे तर जवळजवळ तीन पाकिटे लागतात.

येथे मला आणखी एक गोष्ट दिसली. पाणी वजा केले तर पहिल्या हिशेबातला घन भाग आणि दुसऱ्यातला घन भाग सारखाच, ४८ ग्रॅमच्या आसपास. ओले पाकीट मोठे दिसते ते पाण्यामुळे. तरीही हिशेब प्रामाणिकपणे पुरा करावयाचा तर हेही लिहिले पाहिजे, की कोरड्यात धान्याचा वाटा अधिक असतो. म्हणजे ओल्याकडे जाताना हिंसेचा भार थोडा वाढतो. म्हणून कोरडेच कोमट पाण्यात भिजवून पाहिले. मुनीमजींनी चाटून सोडून दिले आणि उन्हाळ्यात तासाभरात त्याला आंबूस वास येऊ लागला. मग हिवाळ्यात तरी एक पाकीट कमी करावे का, असे विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, थंडीत मांजरे आणखी कमी पाणी पितात. त्यामुळे दोन पाकिटे आणि १६ ग्रॅम कोरडे, हे प्रमाण बाराही महिन्यांचे ठरले. पाच किलोंवरून खाली यावयाचे म्हणून एकदम तोडले नाही. काही आठवड्यांत हळूहळू आणले. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जीव जाऊ शकतो, ही ताकीद होती. अष्टमी-चतुर्दशीला त्याला फक्त दूधभात द्यावा, असा एक विचार घरात निघाला होता. तो या ताकिदीने मागे पडला. तिथी आमची आहे, त्याची नाही.

आमच्या घराच्या चालीप्रमाणे काही नियम आपोआप जुळले. उघडलेले उरलेसुरले पाकीट फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि आमच्या फ्रिजमध्ये ते जाणे शक्यच नव्हते. म्हणून एका वेळी एक पाकीट पूर्ण संपेल, असे दोन जेवणांचे वेळापत्रक केले. एक सकाळी सातला, दुसरे सूर्यास्तापूर्वी. रात्री पडवीत दिवा लावला की किडे येतात आणि ते वाटीत पडतात, म्हणून मुनीमजींचेही जेवण उजेडातच उरकते. कोरडे दुपारी. पूर्वी वाटी दिवसभर भरलेली असे आणि चौमाशात तिच्याकडे मुंग्यांची रांग लागे. वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवावी, असे एकाने सुचवले. पण मग त्या ताटलीत मुंग्याच बुडणार. आता १६ ग्रॅम मोजून ठेवतो आणि अर्ध्या तासाने वाटी उचलून धुतो. त्याची भांडी, चमचा, घासणी सारे पडवीत वेगळे. बाहेर तो जात नाही. कंपाउंडवरची पाखरे निर्धास्त आहेत.

खर्चाचे म्हणाल तर कोरड्यापेक्षा हे कितीतरी महाग पडते. पण त्या तीन दिवसांचे दवाखान्याचे बिल मी जपून ठेवले आहे. व्यापारी घरांतील वाचकांना त्यापुढे अधिक सांगावयास नको.

गेल्या क्षमावाणीला मी त्या वहीतली वर्षभराची पाने चाळली. ७३० पाकिटे. सहा किलोंना थोडे कमी कोरडे. त्यात किती जीव असतील, हा हिशेब मला मांडता येत नाही. आणि मांडता आला असता तरी ती बेरीज शून्य झाली नसती. कृत, कारित आणि अनुमोदन या तीन खात्यांपैकी निदान एकात तरी माझे नाव आहेच. ते मी खोडलेले नाही. माझ्या हाती एवढेच होते, की आवश्यकतेपलीकडे एक ग्रॅमही जाऊ नये. पूर्वी जी वाटी आम्ही उदारपणे भरून ठेवीत होतो, तिने मुनीमजींना आजारी पाडले आणि न दिसणाऱ्या कितीतरी जीवांचा भार वाढवला. परिग्रहाचे परिमाण करावे, असे आपण ऐकत आलो. दयेलाही परिमाण लागते, हे मला तराजूने शिकवले.

ज्यांच्या घरी मुले मांजरासाठी हट्ट धरून बसली असतील, त्यांना माझे नम्र सांगणे आहे, की आधी त्या पिशवीची मागची बाजू वाचा, मुलांनाही वाचून दाखवा आणि मगच ठरवा. पाळावयाचेच असेल तर ससा आहे. पांजरपोळीतल्या एखाद्या गायीचा वर्षाचा चारा आहे. माझ्या वडिलांचा नेम आजही मला बरोबर वाटतो. आणि ज्यांच्या घरी मांजर आधीच आले आहे, त्यांनी कोरड्या दाण्यांकडे पाहून मनाची समजूत घालू नये आणि ओल्या पाकिटाकडे पाहून त्या प्राण्याला उपाशीही ठेवू नये. पशुवैद्यांना विचारावे, मोजावे आणि तेवढेच द्यावे.

आज सकाळी मुनीमजींचे वजन केले. चार किलो शंभर ग्रॅम. लघवीचा त्रास त्यानंतर झालेला नाही. सौ. अजूनही पाकीट उघडताना तेथे थांबत नाही. ते काम माझे आहे आणि पाकीट कापताना मीही दर वेळी क्षणभर थांबतो. ती सवय मोडू नये, एवढीच इच्छा आहे.